मुतिसोचे बूट

शनिवारी मुलींच्या शाळेची बस आली
आणि आमच्या खोलीत धड बूट एकच जोड,
मुतिसोचे.
तो तापानं फणफणलेला, ब्लँकेटमधूनच म्हणाला,
"न्या. पण चिखलात नको."

केरिचोची थंडी. हॉलच्या मागं
आम्ही नुसत्या मोज्यांत, पाळीची वाट बघत.
लेलेईला सैल, त्यानं वर्तमानपत्र कोंबलं.
बारासाला घट्ट, तरी दोन गाणी जास्त नाचला,
चोर.
माझ्या पायात आले तेव्हा
बसचे दिवे लागले होते.

रात्री पुसून त्याच्या खाटेखाली ठेवले.
मुतिसो जागाच.
"तुझी कशी होती?"
उंच होती, म्हणालो.
टाच जराशी झिजली बघ.
नाव तेवढं विचारायचं राहिलं.