दोन थेंबांमधली पाच मिनिटं

एकतीस तारखेच्या रात्री शरणपूरच्या देवळात
बाराला दहा कमी असताना
पाळकांनी दिवे मालवायला सांगितले.
अंधारात खोकले तेवढे ओळखीचे.
मी गुडघ्यांवर; डावा गुडघा
प्रार्थनेपेक्षा स्वतःचंच गाऱ्हाणं मांडत होता.
तरी शब्द दिला: रोज पहाटे पाचला उठेन,
वाचेन, बोलेन, शुक्रवारी उपास करेन.

छत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे ताव मोजले मी.
बोटांना दुसरं काही येत नाही.
रात्रीच हिशेब मांडला:
अध्याय अकराशे एकोणनव्वद.
रोज तीन, रविवारी पाच,
वर संपताना दहा अध्यायांची सवड.
डायरीत तांबड्या शाईने चौकटी आखल्या.

सात चौकटी भरल्या.
आठला पारा सहावर आला,
निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवल्या म्हणे.
पाचला मी जागा होतो, हे खोटं नाही.
नऊला लग्न. दहाला लग्नाचा शीण.
अकराला वाटलं, भरून टाकाव्यात सगळ्या एकदम,
कोण बघतंय?
प्रेसमध्ये असं केलं असतं तर नोकरी गेली असती.
डायरी मिटून उशीखाली सारली.

खरं सांगायचं तर थंडी नव्हे.
तेविसाव्या अध्यायात सारा जाते.
अब्राहाम रडतो, जागा विकत घेतो, तोलून रुपे देतो,
आणि मयतापासून उठतो.
शीलवंतीला जाऊन चार वर्षं झाली.
मी तिथेच बसून राहिलो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेजारच्या
सालोमीबाई पाटोळ्यांचा मोतीबिंदू काढला.
सून सिव्हिलला नर्स, सकाळची पाळी.
दुसऱ्या दिवशी सहाला भिंतीपलीकडून हाक:
शमुवेल!
स्वप्न असेल म्हणून कूस बदलली.
शमुवेल! अरे, औषध घालायचंय डोळ्यांत!

पांढऱ्या झाकणाच्या बाटलीतला एक थेंब.
मग पाच मिनिटं डोळे मिटायचे.
मग गुलाबी झाकणाची.
पाच मिनिटं किती लांब असतात
ते कानटोपी घालून परक्या स्वयंपाकघरात
उभं राहिल्याशिवाय कळत नाही.
"मुकाट काय उभा? वाच काहीतरी."
पेपर उचलला.
"ते नको. त्यात नुसते मेलेले."

मग घरी जाऊन उशीजवळचं पुस्तक आणलं.
खूण होती तिथे उघडलं.
अब्राहामाचा चाकर विहिरीपाशी उभा,
संध्याकाळ, उंट गुडघे टेकून बसलेले.
मी सवयीने भराभर चाललो होतो.
"सावकाश," बाई म्हणाल्या, डोळे मिटलेलेच,
"दहा उंट आहेत. पोरगी एकटी पाणी काढतेय.
वेळ लागतो."

पाच मिनिटं संपली, उंट तहानलेलेच राहिले.
तीन दिवस आम्ही त्या विहिरीवर होतो.

चौथ्या दिवशी मी त्यांना हिशेब ऐकवला:
दिवसाला अर्धा अध्याय, म्हणजे साडेसहा वर्षं.
मी सत्तरीला, तुम्ही नव्वदीला.
"बरं मग," त्या म्हणाल्या,
"तुला कुठे गाडी गाठायचीय?"

डायरीचं पुढे काय झालं आठवत नाही.
बहुतेक मागच्या पानांवर दूधवाल्याचे खाडे आहेत.
शुक्रवारचा उपास दोनदा जमला,
एकदा चिवड्यावर मोडला.

फेब्रुवारी संपता संपता डॉक्टरांनी औषध बंद केलं.
दुसऱ्या दिवशी हाक आली नाही.
सहाला मी आपला जागा,
कानटोपी चढवून दारात गेलो.
दार लोटलेलंच होतं.
बाई खुर्चीत, मान मागे टाकून, डोळे मिटून.
ओट्यावर बाटल्या नव्हत्या.

आणि माझा चष्मा घरी राहिलेला.
परत जावंसं वाटेना.
पाठ होतं तेवढं एक स्तोत्र म्हणायला घेतलं,
मधल्या एका ओळीत अडखळलो.
त्यांनी डोळे न उघडता
ती ओळ पुढे सरकवली.