बारावा नळ

अकरा नळ ठरले.
बाराव्यापाशी तीन मंगळवार अडून बसलोय
मी, विटेनिस आणि त्याची हिशेबाची वही.
बाहेर कौनासचा फेब्रुवारी, नेमुनासवर राखाडी बर्फाच्या लाद्या
एकमेकींना ढोसत चाललेल्या.
आत टेबलावर नऊ ग्लास, पाण्याचा जग, राईचा सुका पाव
आणि थुंकायला एक बादली,
जी विटेनिस कधीच वापरत नाही.

पहिली बाटली : लेबलावर लांडगा,
आत शेळी.
दुसरी समुद्राकडची, धुरावर वाळवलेल्या माल्टची.
पहिला घोट शेकोटी, दुसरा घोट शेकोटी,
तिसऱ्याला डोळे चुरचुरले.
वाईट नाही, पण एकटीने बसवत नाही तिला,
सोबत मासा लागतो.
मग विल्निअसच्या पोरांची, आंब्याचा रस घातलेली.
झाडाला लागलेला आंबा उभ्या जन्मात कुणी पाहिलेला नाही,
ना त्यांनी, ना मी.
विटेनिस म्हणतो, हीच खपेल.
खपेल रे, मी म्हणते, पण खपणं आणि...
वाक्य माझं अर्ध्यात राहतं.
त्याच्याकडे आकडे असतात.

म्हणून बुधवारी गाडी काढली, उत्तरेला, बिर्झाईच्याही पलीकडे,
जिथे युलिओनास नावाचा माणूस
गोठ्याशेजारच्या खोलीत बिअर करतो.
उकळत नाही. राईच्या काडांतून गाळतो.
विरजण शेजारणीकडचं, तिचं तिच्या सासरचं,
मुळात कुणाचं ते विचारू नये म्हणाला,
भांडणं होतात.

मातीच्या मगात ओतली.
फेस जवळजवळ नाहीच. रंग निवलेल्या चहाचा.
वास ओल्या पेंढ्याचा, पावाच्या करपल्या कडेचा,
जरासा लोण्याचा, आणि खाली कुठेतरी
लपाछपीत कोठारात दडून बसल्यावर
नाकात शिरतो तो.
टिपणं काढायला वही उघडली
आणि नुसतं "हो" लिहून मिटली.

तो मात्र हो म्हणेना.
पिंपापासून नळापर्यंत नळी किती लांब?
चौदा मीटर, तळघरातून वर.
त्याने मान हलवली,
लेक फार लांब दिली असं कुणी सांगावं तशी.
"एवढं चालून दमेल ती."
थंड किती? चार अंश.
"मग तोंडच उघडायची नाही."
आणि टिकते किती, असं मी विचारल्यावर
बोटं मोजली त्याने : दहा दिवस.
अकराव्या दिवशी डुकरांची.

विटेनिसला फोनवर सगळं सांगितलं.
तिकडे बराच वेळ
पेन टेबलावर टकटकत होतं.

आता शनिवारी
एक लाकडी पिंप थेट काउंटरवर. नळी नाही, बर्फ नाही.
फळ्यावर खडूने : संपेपर्यंत.

पहिल्या शनिवारी तिघांनी ग्लास परत केले.
कोमट आहे, मेलेली आहे, बुडबुडे कुठायत.
आंब्याची घेतली त्यांनी
(विटेनिसने फ्रिजमध्ये बाटल्या भरून ठेवल्याच होत्या).
मग ट्रॉलीबस चालवणारी दांगुओले
पाळी संपवून आली, कोटासकट बसली.
एक घोट. ग्लास दिव्यापुढे धरला, खाली ठेवला.
"ही काल प्यायला हवी होती," म्हणाली
आणि तळापर्यंत प्यायली.
आणखी एक मागितली.
गाव कुठलं, मी विचारलं नाही.

तेव्हापासून पिंप शुक्रवारी येतं.
तोटा विटेनिस "किरकोळ"च्या रकान्यात टाकतो,
अक्षर मुद्दाम बारीक काढून.
बारावा नळ तसाच आहे, कोरडा, चकचकीत.
त्याच्या दांडीवर
काउंटर पुसायचं फडकं वाळत असतं.