फक्त २ शिल्लक

म्हापशाच्या वीजखात्याच्या भांडारात
बावीस वर्षं मी एकच शब्द लाल शाईनं लिहिला:
शिल्लक.
आरंभीची, अखेरची, आणि खाली माझी सही.
एक फ्यूज कमी भरला म्हणून
एकदा पाच रात्री डोळा लागला नव्हता.

आणि हा फोन रात्री साडेअकराला म्हणतो,
फक्त २ शिल्लक.
निळी किटली, दीड लिटर, झाकणाला शिटी.
४७ जण आत्ता हेच पाहत आहेत.
कोण हे सत्तेचाळीस?
गिरीला आमच्या वाड्यावर या वेळी
कुत्री धरूनही तेवढे जीव जागे नसतात.

खाली आकडे पळतात. नऊ मिनिटं. आठ.
प्रमिला म्हणते, घेऊन टाका हो, जाईल.
मी मिनिटं संपू देतो.
शून्य होतं, दम खाल्ल्यासारखं थांबतं,
आणि पुन्हा दहापासून सुरू.

सवय जात नाही. जुन्या रजिस्टरचं एक कोरं पान काढलं.
सोमवार: दोन.
मंगळवार: दोन.
बुधवार: एक. इथं मला जरा वाईट वाटलं.
गुरुवार: तीन.
आवक नाही, चलन नाही, पावती नाही,
एका किटलीला रातोरात दोन पिल्लं झाली.
आमच्या भांडारात असं झालं असतं
तर चौकशी बसली असती
आणि मी घरी.

तसं हे कसब काही फोननं शोधलेलं नाही.
शुक्रवारच्या बाजारात पिएदाद मिरच्या विकते, हरमलच्या.
इतकी वर्षं बघतो, तिच्यासमोर दोनच वाटे.
'दोनूच उरल्यात रे पुता, मागीर म्हणशी सांगलें ना.'
दोन गेले की गोणपाटाखालून आणखी दोन.
मला ठाऊक. मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक.
मी पायाच्या अंगठ्यानं गोणपाट जरा उचलतो,
ती पायावर फटका मारते,
आणि माझ्या पिशवीत एक मूठ जास्त पडते.
फोनमध्ये उचलायला गोणपाट कुठंय?

परवा पुरुमेंताची खरेदी.
मीठ झालं, सुके बांगडे झाले, राहिली मिरची.
तिचं तेच: दोनूच उरल्यात.
मी हसलो, अंगठ्यानं गोणपाट सारलं.
खाली नुसती फरशी. चार देठं, एक मुंगी.
फटका आला नाही.
'मोरांनी खाल्ली रे मिरसांग यंदा,' ती म्हणाली
आणि गोणपाट परत सारखं केलं,
जसं कुणाच्या अंगावर पांघरूण घालतात तसं.

माझ्यामागे दोघी उभ्या होत्या, दिसत होत्या,
एकीच्या मुठीत पैसे.
मी दोन्ही वाटे मागितले.
मग एकच घेतला. भाव केला नाही.

रात्री शुक्रवारची नोंद करायला बसलो.
किटलीची ओळ मोकळी सोडली.
तिच्याखाली लाल शाईनं लिहिलं,
मिरची, हरमल: एक वाटा.
सही केली.

जुन्याच टोपात चहा उकळत होता.
प्रमिलानं आतून विचारलं, किटली गेली ना शेवटी?
नाही गं, म्हटलं. दोन आहेत.
उद्याही असतील.