चाळीस वर्षं, एकही भांडण नाही

ओला कागद दगडावर थापायचा,
ब्रशनं ठोकत ठोकत अक्षरांच्या पोटात शिरवायचा,
मग वाळेपर्यंत गप्प बसायचं.
नीवेस हे एकतीस वर्षं करत होती
आक्विलेयाच्या संग्रहालयामागच्या कोठारात,
जिथं हिवाळ्यात हीटर एकच
आणि तोही साहेबांच्या पायाशी.

मी नवा. विद्यापीठातून ताजा ताजा आलेला.
पिशवीत एका जुन्या सिनेटरचा इतिहास,
समासात माझ्याच पेन्सिलीची गर्दी.
तिला वाचून दाखवला, जरा आवाज चढवूनच:
त्या वर्षी साथ अशी आली की या बंदरात
मेलेल्याला उचलायला जिवंत माणूस उरला नाही.
आणि सम्राट त्या रात्री एकटाच,
दिवा विझवून, उशीत तोंड खुपसून पुटपुटला

"थांब," नीवेस म्हणाली.
"एकटाच ना?
दिवाही विझवलेला?
मग ऐकलं कुणी?"

ब्रश चालूच.
"लिहिणारा जन्मला कधी?"
साठ वर्षांनी, मी म्हणालो.
"आणि त्याच्या आज्याची शेतं कुणी जप्त केली होती?"
मी पानं चाळत राहिलो,
उत्तर पाठ असूनही.

तिसऱ्या फळीवर त्याच वर्षीचा दगड होता.
वर दोन कॉन्सलांची नावं, म्हणजे साल पक्कं.
खाली फिलेरोस, गुलामीतून सुटलेला मासळीवाला,
धक्क्यावर दुसरं दुकान घेतो
आणि देवाला मेंढा कबूल करतो.
"साथीत मासळीचं दुकान वाढवतात होय?"

मी हरखलो. म्हणजे दगड खरा!
काळ्या दगडावरची रेघ ती, पुसायची नाही.

तिनं शेजारचा दगड उजेडाकडे वळवला.
मधली दीड ओळ छिन्नीनं खरवडलेली.
एका सम्राटाचं नाव, तो मेल्यावर महिन्याभरात.
खरवडणाऱ्याला घाई होती,
शेजारच्या देवीचंही शेवटचं अक्षर गेलं.
"पुसते की. मजुरी दिली की पुसते."

मग वयं वाचली.
तीस. पस्तीस. चाळीस. पंचावन्न.
सगळं गाव पाचाच्या पाढ्यात मेलेलं.
अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कुणी गेलंच नाही का इथं?
फक्त एका वीतभर दगडावर
चार वर्षं, दोन महिने, अकरा दिवस.
नीवेसनं तो कधी पुसायलाही
दुसऱ्याच्या हातात दिला नाही.

आणि आज ज्याच्यावर कागद वाळत होता तो:
हिच्यासोबत राहिलो चाळीस वर्षं, एकही भांडण नाही.
असे आमच्याकडे एकोणीस आहेत.
चार तर एकाच कारागिराच्या हातचे,
मजकूर तयार, नाव तेवढं भरायचं.
मी वहीत लिहिलं: खोटं.
खाली दोन रेघा मारल्या.

बराच वेळ हीटरचीच कुरकुर.
मग ती म्हणाली,
"आईच्या थडग्यावर काय कोरायचं ते मी ठरवलं.
चेर्विन्यानोचा माणूस अक्षरागणिक पैसे घेतो.
'लाडकी पत्नी' एवढंच परवडलं.
आमच्या घरी बश्या उडायच्या.
मी टेबलाखाली बसून मोजायचे.
बाबा दर रविवारी जातात,
त्या दोन शब्दांतलं शेवाळ नखानं काढतात.
तुझ्यासारखा कुणी वही घेऊन येईल,
दोन हजार वर्षांनी.
काय लिहील?"

मी 'खोटं' खोडलं.
त्याच्या जागी 'खरं' लिहवेना.
ते घर तसंच राहिलं, खोडाखोडीचं.

कागद वाळला होता.
तिनं तो एका कोपऱ्यापासून सोलत आणला,
उलटी अक्षरं, उंचवटे झालेली,
आणि खिडकीपाशी तिरपा धरला.
तेव्हा 'एकही' आणि 'भांडण' यांच्या मधोमध
एक बारीक ओरखडा उठून आला.
दगडावर तो आम्हाला दिसला नव्हता.

"हे लिही," नीवेस म्हणाली.
"इथं हात घसरला."