सरवा

मोबाइलच्या काचेवर तीन बायका,
दीडशे वर्षांहून जास्त वाकलेल्या.
विद्याश्री हुलमनी म्हणाली, 'अक्का, अगदी अशाच उभ्या राहा.'
'उभ्या कुठं,' आई म्हणाली, 'ह्या तर ओणव्या.'

कडोलीत बटाटा निघून चार दिवस झाले होते.
मी बांधावर थर्माकोलचा तक्ता धरून,
उन्हाचा कवडसा आईच्या गालावर पाडत.
आर्ट कॉलेजात मी पहिल्या वर्षाला, विद्याश्री शेवटच्या.
खडे बाजारात हिंडून तिनं रुमाल आणले होते,
एक निळा, एक तांबडा, एक मळका पिवळा,
त्या फ्रेंच चित्रातल्या रंगांशी ताडून.
गावच्या पाटीवर एका ओळीला डांबर फासलेलं.
ती पाटी तिनं फ्रेमबाहेर ठेवली.
'ह्याला आमच्यात हक्कलु म्हणतात,' ती म्हणाली.
'सरवा,' आई म्हणाली, पदर खोचत.
मग दोघी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत.

तिनं मार्केटातून दोन किलो बटाटे आणून
सरीत विखरून ठेवले, धुतलेले, गोल.
गंगूमावशी हसत सुटली.
'असला बटाटा कोण सोडतंय गं सरव्याला?'
तिघींनी ते गोळा करून पिशवीत घातले
आणि बोटांनी माती उकरली.
निघाले ते फाळ लागलेले, गोटीएवढे,
एका अंगानं हिरवे पडलेले.
'हे ठेव. हे खरं दिसंल.'

चित्रात मागं, उजवीकडं,
घोड्यावर कुणी तरी आहे, माशीएवढा.
त्याच्या जागी शेताचा मालक आप्पाजी
इस्त्रीचा शर्ट घालून बुलेटवर बसला, लांब, टेम्पोजवळ,
दर दोन मिनिटांनी केसांवरून हात फिरवत.
माशीचं त्याला कुणी सांगितलं नाही.

दोघी पुऱ्या वाकल्या. तिसरी अर्धीच.
शेवंतानं विचारलं, 'ही वाकाय लागलीय का उठाय लागलीय?'
विद्याश्रीनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं,
इतकं, की बाई जाऊन नुसता रंग उरला.
तिला सांगता येईना.
आईनं डोळे बारीक करून पाहिलं.
'वाकत बी न्हाई, उठत बी न्हाई.
कंबर धरलीय तिची.'
आणि शेवंताला पुढं ढकलून
स्वतः त्या तिसऱ्या जागी जाऊन थांबली.

शटर किती वेळा पडलं, मोजलं नाही.
ढग आला की थांबायचं,
ढग गेला की पुन्हा वाकायचं.
एकदा मावशी म्हणाली, 'खरा सरवा परवडला,
त्यात मधे चहा तरी पिता येतो.'
संध्याकाळी धुतलेल्या बटाट्यांची वाटणी झाली,
तिघींत सारखी.
निळा रुमाल आईनं परत दिला नाही.

मार्चात चित्र कॉलेजच्या हॉलमध्ये लागलं,
भिंतभर, काळ्या चौकटीत.
खाली पट्टीवर नाव छापलेलं, कन्नडात आणि इंग्रजीत.
शेजारी मी पेन्सिलनं मराठीत लिहिलं, बारीक,
सरांनी पाहिलं आणि खोडलं नाही.

आई निळा रुमाल बांधूनच आली.
चेहरे दिसतच नव्हते, तिनं शोधलेही नाहीत.
मालकाच्या ठिपक्यापाशी एकदा हसली.
मग कंबरेवर हात ठेवून
चित्राच्या खालच्या कोपऱ्याशी वाकत गेली,
इतकी, की शिपाई म्हणाला, 'हात लावू नका हं.'
ढेकळाआड, तिच्याच टाचेजवळ,
एक पिवळट फुगवटा.
'ह्यो राहिला की गं,' ती म्हणाली,
'सांगायचं न्हाईस?'