टोक

औलू शहरात नोव्हेंबरात तीनला अंधारतं.
तेव्हा आम्ही टोकं शोधायला बसलो.

मधलं कुणालाही मिळतं, अनुक्का म्हणायची.
यीस्टच्या पोटात माणसाचा एक तुकडा ठेवलाय,
चार लाख अक्षरांचा,
आंबलेल्या पिठाच्या वासात तो निमूट दुप्पट होतो.
पण तो संपतो कुठे
हे कळल्याशिवाय पुढचा तुकडा हाती लागत नाही.
पुढे जायचं तर कडेला जावं लागतं.

आधी कापायचं.
एन्झाइमला तेवढंच येतं,
चार अक्षरं ओळखायची आणि तोडायचं.
मग पाणी, भरपूर, इतकं
की कुणी कुणाला भेटू नये,
प्रत्येक तुकड्याच्या हाताशी
फक्त स्वतःचंच शेपूट उरावं.
सोळा अंशांवर रात्रभर जोडणी.
सकाळी त्या थेंबात वर्तुळं असतात.
म्हणजे असावीत. डोळ्यांना नुसतं पाणी दिसतं.

मग ओळखीच्या जागेवर
पाठीला पाठ लावून दोन प्रायमर उभे करायचे,
तोंडं अनोळखी दिशेला.
वर्तुळाला वळसा घालून ते एकमेकांना गाठतात,
आणि वाटेत जे सापडतं
ते टोक.

माझे वडील हे पिपेटशिवाय करायचे.
तळं गोठलं की एक भोक पाडायचं,
बर्फाखाली फळी सोडायची, फळीला दोरी.
दोरीला हिसका दिला की ती काळोखात पुढे सरकायची,
टक्,
टक्,
आणि मी, नऊ वर्षांची, बर्फाला कान लावत
तिच्या मागोमाग.
इथे! मी ओरडायचे.
तिथे ते दुसरं भोक पाडायचे,
फळी वर यायची, आणि तिच्या दोरीने
जाळं या भोकातून त्या भोकापर्यंत.
कधी मी चुकायचे. चार चार भोकं, नुसतं पाणी.
ते रागवत नसत. टोपी सारखी करून म्हणत,
पुन्हा ऐक.

पाच महिन्यांत आम्ही सात पावलं चाललो.
आठवं टोक सुंदर आलं,
जेलवर एकच पट्टी, नखासारखी.
तुओमोने दालचिनीचे पाव आणले.
ते खाऊन होईतो फिल्म धुऊन आली:
टोक आमच्या गुणसूत्राचं नव्हतंच.
यीस्टने कधीतरी दोन परक्या तुकड्यांची गाठ मारली होती,
सांधा इतका बेमालूम
की चालता चालता आम्ही
दुसऱ्याच तळ्यावर पोचलो होतो.

फ्रीजरच्या तिसऱ्या कप्प्यात एक नळी आहे, ४१-ब.
तिच्यावर नाव लिहायची परवानगी नाही.
रक्त घ्यायला मीच गेले होते, कैनूच्या एका गावात.
सहा वर्षांची. सुई टोचली तरी रडली नाही.
फक्त विचारलं,
दिवा का घालवला?
दिवा चालूच होता.

आता एप्रिल. रात्री नऊपर्यंत उजेड,
खाडीवरचा बर्फ करडा पडलाय, कुणी त्यावर जात नाही.
मी सातव्या टोकापाशी परत आलेय.
एन्झाइम बदललाय. पाणी आणखी वाढवलंय.
अनुक्का कोट चढवून दारात थांबते, विचारते, येतेस?
मी मशीनच्या झाकणावर तळहात ठेवून उभी.
आत तापतंय, निवतंय, तापतंय.
थांब जरा, मी म्हणते,
बोलू नकोस.