मेजावर ठेवण्यात आला

दांडिया बाजारातल्या माझ्या माडीवर
पंखा तीनवर ठेवला की पानं उडतात,
दोनवर ठेवला तर शाईवर घाम पडतो.
म्हणून वजनाला अण्णांची दोन बाबाशाही नाणी.
दुकानदार घेत नाहीत,
कागद मात्र अजून धरून ठेवतात.

कागद विद्यापीठाचे, पानाला साडेचार रुपये.
एका अमेरिकी संस्थानाच्या,
खोडलं, राज्याच्या (हात सवयीनं संस्थान लिहितो)
विधिमंडळाचं सतराशे त्र्याऐंशीचं कामकाज.
लढाई संपलेली, राजा समुद्रापलीकडे उरलेला.
मला वाटलं होतं, पानोपानी नगारे वाजतील.

पहिला दिवस: गणसंख्या नाही.
दुसरा दिवस: गणसंख्या नाही, नदीवर बर्फ, नाव अडकली.
तिसऱ्या दिवशी जमले तेवढ्यांनी
शेकोटीचं लाकूड संपल्याची नोंद केली
आणि घरी गेले.
मी एकटीच हसले.
आमच्या विश्वामित्रीला पूर आला की
काळ्या घोड्यापाशी मगर निघते,
आणि कोठी कचेरीतल्या खुर्च्या
अशाच एकमेकींकडे बघत बसतात.

मग एकेक विषय:
राजाची बाजू धरलेल्यांच्या जमिनी कुणी घ्यायच्या,
नावेचं भाडं, लांडग्याच्या कातड्याला इनाम,
छापील नोटांचा भाव, शंभराला अडीच,
पुढच्या पानावर शंभराला एक,
त्यापुढे आकडाच नाही.
आणि शिपायांचे पगार.
शिपायांचे पगार.
शिपायांचे पगार, पुढल्या अधिवेशनात.

पान एकशे बारा. पेशन्स हॉलवेल, विधवा.
नावाचा अर्थ धीर; मी नाव तसंच ठेवलं.
नवरा बुटांविना चालत गेला, परत आला नाही.
बावीस महिन्यांची बाकी.
खाली चिटणिसाची एक ओळ:
अर्ज मेजावर ठेवण्यात आला.

मला बरं वाटलं.
मेजावर म्हणजे समोर, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे,
आता कुणीतरी चष्मा लावील.
झालं हो तुमचं काम, पेशन्सबाई, म्हणत
मी खाली जाऊन शेव-उसळ खाऊन आले.

तिसऱ्या आठवड्यात प्राध्यापक मजमुदार म्हणाले,
अहो बेन, त्यांच्याकडे मेजावर ठेवणं म्हणजे
बाजूला सारणं. बहुधा कायमचं.
चोपन्न ठिकाणी आलं होतं ते.
चोपन्न जणांना मी उगाच आशा लावली होती.

अण्णा बडोदे संस्थानाच्या पायदळात.
एकोणपन्नासच्या मे महिन्यात विलीनीकरण झालं,
संध्याकाळी पेढे वाटले,
मग रायफली मोजून घेतल्या.
पट्टा परत केल्याची पावती मिळाली.
नोकरीच्या वर्षांची नाही.
अर्ज कोठीत गेला, मुंबईला गेला,
राज्य बदललं तसा अहमदाबादेला,
मराठीत, मग गुजरातीत, मग इंग्रजीत,
अक्षर माझंच.
'योग्य त्या कार्यवाहीसाठी'
हे शब्द मी नवव्या वर्षी शिकले.
उत्तर वाचून दाखवताना तेवढ्या शब्दांवर
आवाज चढवायचे,
आणि अण्णा बंडीची गुंडी लावायचे,
जणू आत्ताच बोलावणं येणार.

दुरुस्त्या केल्या सगळ्या.
पेशन्सची ओळ शेवटी.

स्वातंत्र्य हा शब्द अख्ख्या बाडात
मला एकदाच सापडला, खर्चाच्या यादीत:
स्वातंत्र्याच्या आनंदाप्रीत्यर्थ
सभागृहाच्या खिडक्यांत मेणबत्त्या, चौदा शिलिंग.
मंजूर. त्याच दिवशी. रोख.

काल शेवटचं पान देऊन आले.
माझ्या बिलाचं विचारलं तर
मान वर न करता रोहितभाई म्हणाले,
आहे ना,
टेबलावरच आहे.